उरलं किती?

चर्चमधली उपासना संपते, लोक बाहेर गप्पा मारत उभे राहतात आणि मी वेदीमागच्या खोलीत पैसे मोजायला बसतो. गेली 22 वर्षं हे काम माझ्याकडे आहे. एकट्याने मोजायचं नाही असा नियम, म्हणून समोर मंडळीतले एक वडील, म्हणजे कारभार बघणारे एक ज्येष्ठ, बसलेले असतात. त्यांचा बराचसा वेळ चष्मा शोधण्यात जातो. दानाच्या थैल्या टेबलावर पालथ्या करायच्या. नाणी एकीकडे, नोटा दुसरीकडे, पाकिटं बाजूला. नोटांची तोंडं एका दिशेला करून दोघांनी दोनदा मोजायचं, वहीत आकडा मांडायचा, खाली दोन सह्या.

माझ्याआधी बाबा मोजायचे. ते मोजायला बसण्याआधी हात धुवायचे. मोजून झाल्यावर सगळेच धुतात, नोटांची घाण लागते म्हणून. बाबा आधीही धुवायचे. मी लहानपणी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "घाण काय फक्त नोटांनाच असते?"

इतक्या वर्षांत मला एक नाद लागलाय. नोट हातात आली की आधी तिची घडी बघायची. ऐनवेळी खिशातून काढलेली नोट चुरगळलेली असते. घरूनच ठरवून आणलेली मधोमध एकदा दुमडलेली असते. आणि काही नोटा इतक्या घड्या घातलेल्या असतात की बोटाच्या पेराएवढ्या होतात. थैली पुढ्यात आली की मुठीत दडवून सोडता याव्यात म्हणून. या नोटा कायम लहान रकमेच्या. त्या उलगडल्या, तळहाताने दाबल्या, तरी गठ्ठ्यात निजत नाहीत. वरच्या नोटा उचलून धरतात. रबर लावल्यावरही गठ्ठा मध्येच फुगलेला दिसतो.

वहीत अर्थात घडीसाठी रकाना नाही.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात, 12व्या अध्यायात, येशू मंदिराच्या भांडारासमोर बसतो आणि लोक पैसे कसे टाकतात ते पाहतो. किती टाकतात असं मार्क म्हणत नाही, मूळ ग्रीकमध्येही शब्द 'कसे' असाच आहे. मंदिरात 13 दानपेट्या होत्या, तुतारीच्या आकाराच्या, असं मिश्नात, यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, नोंदलेलं आहे. त्यांत धातूची नाणी ओतल्यावर आवाज होत असणारच, आणि मोठं दान लांबूनही कानावर येत असणार. त्या गलक्यात एक विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. ही त्या काळची सगळ्यात हलकी नाणी. मार्क लगेच आपल्या वाचकांना रोमी चलनात हिशोब करून देतो: दोन टोल्या म्हणजे एक दमडी. मजुराचा दिवसाचा रोज होता एक दीनार; ती दमडी म्हणजे त्या दीनाराचा 64वा हिस्सा. माझ्या वहीत असली रक्कम 'किरकोळ नाणी' या ओळीत जिरून गेली असती.

त्या दोन होत्या, हे मोजणारा म्हणून मला फार लागतं. एक ठेवून एक टाकता आली असती. आणि अर्धं देणं काही हलकं नव्हे. श्रीमंत जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं, तेव्हा येशूने त्याच्या घराला तारण आलं असं सांगितलं. बाईने अर्धं द्यायचं ठरवलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. येशू मग शिष्यांना बोलावून सांगतो की हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं: बाकीच्यांनी भरल्या घरातून दिलं, हिने आपल्या कमतरतेतून, होती नव्हती ती सगळी उपजीविका दिली. ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे, त्याचा अर्थ जगण्याचं साधन असाही होतो आणि जगणं असाही. मराठीत निदान 'उपजीविका' म्हणताना जीव आत राहतो.

म्हणजे मी बसतो तसाच तोही पेटीसमोर बसला होता, पण माझं काम बेरजेचं आणि तो वजाबाकी करत होता. पेटीत काय पडलं ते सोडून हातात काय उरलं हे पाहत होता. ते पाहायचं म्हणजे माणसाच्या घरात, डब्यात, उद्याच्या सकाळीत डोकवायला हवं. मला ते येत नाही. आणि ज्याला ते येत नाही त्याने कुणाचा त्याग मोठा, कुणाचा लहान यावर बोलू नये, असं माझं कधीपासूनचं मत आहे. तरी आम्ही बोलतोच.

या गोष्टीवर मी आजवर ऐकलेले बहुतेक उपदेश कसल्या ना कसल्या निधीच्या रविवारी झाले आहेत. बाईने दोन टोल्या दिल्या, तुम्ही काय देणार? मोजण्याच्या खोलीत त्याचा परिणाम दिसतोही, थैली जड येते. पण वचन चार ओळी मागून आणि चार ओळी पुढून वाचलं की घशात काही तरी अडकतं. या गोष्टीच्या लगेच आधी येशू शास्त्र्यांविषयी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांविषयी, सावध करतो: ते विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आणि गोष्ट संपताच, पुढच्याच ओळीत, एक शिष्य मंदिराचे चिरे बघून भारावतो, तर येशू म्हणतो की यातला चिऱ्यावर चिरा राहणार नाही. सन 70 मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर पाडलं. म्हणजे बाईने होतं नव्हतं ते ज्या इमारतीला दिलं ती पडणार होती, आणि ज्यांच्या हाती दिलं त्यांना घरं गिळायची सवय होती. येशूला हे दोन्ही ठाऊक होतं. 'तुम्हीही असंच करा' असं तो त्या ठिकाणी म्हणत नाही. जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोनीच्या गोष्टीच्या शेवटी म्हणतो, इथे नाही. तिचं कौतुक आहे की तिच्यासाठी हळहळ आहे, मी अनेकदा वाचूनही सांगू शकत नाही. बहुधा दोन्ही. आणि हे सगळं तो शिष्यांशी बोलतो. तिला कुणी हाक मारत नाही. आपल्याकडे कुणाचं लक्ष गेलं हे न कळताच ती घरी गेली.

मागणाऱ्याच्या तोंडी ही गोष्ट मला म्हणून टोचते. त्याग देणाऱ्याने करायचा असतो; कुणी तो मागायला लागलं की त्याची वसुली होते. प्रेषित पौल याबाबत आपल्या पत्रात किती जपून बोलतो बघा. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो करिंथ शहरातल्या मंडळीकडून वर्गणी गोळा करत होता. ग्रीसच्या उत्तरेकडच्या मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल असून त्यांनी ऐपतीबाहेर दिलं, आम्हालाही या सेवेत घ्या अशी विनवणी करून दिलं, हे तो सांगतो, आणि लगेच म्हणतो की मी ही आज्ञा करत नाही. पुढे आणखी स्पष्ट करतो: जे जवळ असेल त्याप्रमाणे द्यावं, नसेल त्याप्रमाणे नव्हे, दुसऱ्याचं हलकं व्हावं आणि तुम्ही भाराखाली यावं असा हेतू नाही, समानता असावी. ही वाक्यं निधीच्या रविवारी वाचलेली मला तरी आठवत नाहीत.

बाबा दशमांश काढायचे. पगार हातात आला की पहिला दहावा भाग बाजूला, मग घर. कधी दहाव्याहून जास्त, कारण कुणाचं तरी काही तरी निघायचंच. त्या शिस्तीचा मला अभिमान होता आणि आहे. पण माझे शाळेचे बूट थोरल्या भावाचे असायचे, पुढे कापूस कोंबलेले, आणि ते उसवले की आई रात्री दाभण घेऊन बसायची. दाभणाचं टोक वर यावं म्हणून ती अंगठ्याखाली चिंधीची गादी ठेवायची. पंधरा-वीस टाके झाले की हात झटकायची. तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला चाळिशी उलटल्यावर पडला. मंडळीत नाव बाबांचं झालं. टाके आईने घातले.

इजिप्तच्या संत अंतोनीची गोष्ट वाचताना म्हणूनच माझं लक्ष भलतीकडे जातं. सन 270च्या आसपास या तरुणाने उपासनेत वचन ऐकलं, तुझं असेल ते विकून गरिबांना दे, आणि त्याने वडिलोपार्जित 300 अरूरा (तिथलं जमिनीचं माप) सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. बाकीचं सामान विकून पैसा गरिबांना दिला. धाकट्या बहिणीसाठी थोडं राखून ठेवलं. पुन्हा उपासनेला गेला तर वचन होतं, उद्याची चिंता करू नका. झालं, बहिणीसाठी ठेवलेलंही गेलं, बहिणीला विश्वासू कुमारिकांच्या हवाली केलं आणि तो एकांतात निघाला. आईवडील नुकतेच वारले होते, पोर लहान होती. बिशप अथानासियसने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात ती पुढे एकदा भेटते, म्हातारी झालेली, इतर कुमारिकांची पुढारी असलेली. म्हणजे तिचं वाईट झालं असं नाही. तरी ती जमीन तिचीही होती. तिने काय दिलं याची ओळ कुणी लिहिली नाही.

असो. सांगायची होती ती पाकिटाची गोष्ट.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. एकट्या राहतात. दर रविवारी थैलीत त्यांचं पाकीट असतं, आणि दर रविवारी तेच असतं. ते कधी चिकटवलेलं नसतं, नुसतं झाकण आत खोचलेलं. पाकिटावर तारीख आणि रक्कम लिहिलेली, तिच्या वर मागच्या रविवारची खोडलेली, तिच्या वर त्याच्या मागची. रिकामं करून ते दाराजवळच्या कोनाड्यात ठेवायचं, जाताना आजी उचलून नेतात. एक पाकीट साधारण वर्षभर पुरतं. रक्कम ठरलेली, लहानशी. गेल्या काही वर्षांत मात्र त्यांचं अक्षर बिघडत गेलं. आकडे ओळ सोडून खाली घसरायला लागले, एकावर एक चढायला लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी त्या पैसे साठवत आहेत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षी छपराच्या दुरुस्तीचा निधी निघाला आणि एका रविवारी बाहेरून पाहुणे उपदेशक आले. विषय जुन्या करारातली सारफथची विधवा. दुष्काळ, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थेंबभर तेल. बाई दोन काटक्या गोळा करतेय, एवढं भाजून लेकराबरोबर खायचं आणि मरायचं. तिला एलीया संदेष्टा म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहान भाकर कर. पाहुणे रंगात आले. आधी द्या! बी पेरा! शंभरपट कापणी कराल! मला त्या गोष्टीतलं पीठ आठवत होतं. ते मडकं कधी भरलं असं शास्त्रात कुठे नाही. ते सरलं नाही, एवढंच आहे. रोज तळाशी मूठभर, रोज तेवढंच. कोठार कुणाचंही झालं नाही.

पुढच्या रविवारी पाकीट जाड होतं. झाकण खोचून बसत नव्हतं म्हणून वर दोरा गुंडाळलेला. मी दोरा सोडला आणि मोजायच्या आधीच कळलं की हे डोळ्यांचे पैसे आहेत. समोरच्या वडिलांनाही कळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो त्या दिवशी त्यांच्या नाकावरच होता.

"हे परत द्यायला हवेत," मी म्हणालो.

"देवाला वाहिलेलं परत कसं द्यायचं?" ते म्हणाले.

हाच प्रश्न कमिटीत गेला आणि तीन बैठका चालला. मी पहिल्या बैठकीला तयारीने गेलो होतो. मार्काचा 7वा अध्याय उघडून वाचला. तिथे येशू परूश्यांवर, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथावर, याच कारणाने चिडलाय: आईवडिलांना द्यायचं ते कुणी 'कुरबान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून टाकलं की तुम्ही त्याला आईबापासाठी काही करू देत नाही. कुरबान या शब्दाच्या इब्री धातूचा अर्थ जवळ येणं. देवाच्या जवळ नेणारी वस्तू ती कुरबान. आणि लोकांनी तोच शब्द म्हाताऱ्या आईबापांना लांब ठेवायला वापरला. देवाचं नाव घेऊन माणसाची गरज मारता येते, हे येशूला आपल्याआधी ठाऊक होतं, असं मी म्हणालो. मग अंब्रोजचा दाखला दिला. चौथ्या शतकात गॉथ टोळ्यांनी पकडून नेलेल्या माणसांना सोडवण्यासाठी मिलानच्या या बिशपने मंडळीची पवित्र पात्रं वितळवली. विरोधकांनी ओरड केली, देवाला वाहिलेलं सोनं मोडलं म्हणून. अंब्रोजचं उत्तर असं की मंडळीजवळ सोनं असतं ते साठवायला नव्हे, गरजवंतांवर खर्च करायला. आणि पात्रं राखण्यापेक्षा माणसं राखणं बरं. आजींचे डोळे राखावेत की छपराचे पत्रे, मी विचारलं. मला वाटलं, आता कुणी काही बोलणार नाही.

कमिटीतल्या एक शिक्षिका बोलल्या. "श्रीमंताने भरभरून दिलं असतं तर आपण त्याच्या घरी परत करायला गेलो असतो का? मग गरिबाचंच का परत? तिने विश्वासाने दिलं, ते आपण आजारपणासारखं का बघतोय?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज आहे का, सांगता येत नाही. मासेदोनियाचे लोक विनवण्या करत होते ते याचसाठी. आमच्याजवळ काही नाही म्हणून आम्हाला देणाऱ्यांच्या रांगेतून काढू नका. गरिबाला कायम घेणाऱ्यांच्या बाकावर बसवून ठेवणं हाही अपमानच, आणि तो आपण दयेच्या भाषेत करतो. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या ॲरिस्टायडीसने सम्राटाला उद्देशून लिहिताना ख्रिस्ती लोकांविषयी सांगितलं की त्यांच्यात कुणी गरजू असला आणि यांच्याजवळ जास्तीचं नसलं, तर हे दोन-तीन दिवस उपास करून त्याच्या अन्नाची सोय करतात. जास्तीचं नसताना, हे महत्त्वाचं. त्या उपाशी देणाऱ्यांना कुणी हिशोबनीस येऊन तुमचं तुम्हीच खा म्हणाला असता तर?

शेवटी मला आजींना भेटायला पाठवण्यात आलं. खजिनदार म्हणून.

आजी दारातच बसल्या होत्या. आवाजावरून ओळखलं. मी आडवळणाने सुरुवात केली, पाहुण्या उपदेशकांचं बोलणं कधी कधी जरा जास्त होतं वगैरे.

"तुला काय वाटलं, मी त्यांच्या नादी लागले? शंभरपट घेऊन मी ठेवू कुठे?"

"मग आजी, एवढे का दिलेत?"

"मागच्या बाकावर ती तान्ह्याची आई बसते ना, तिच्या डोक्यावर गळतं. पाऊस लागला की पोर किंचाळून उठतं. मला दिसत नाही नीट, ऐकू तर येतं. दर वेळेस ती बिचारी उठून बाहेर जाते. उपासना कधी पुरी होतच नाही तिची."

तो बाक मीही रोज बघतो. तिथे गळतं म्हणून मी तिथे बसत नाही, इतकंच माझ्या डोक्यात होतं.

मी म्हणालो, "कमिटी विचार करतेय की हे पैसे..."

"परत? तू देवाचा मुनीम की माझा?" त्या चिडल्या नव्हत्या, पण सरसावून बसल्या. "दावीद राजाला अरवनाने खळं फुकट देऊ केलं. बैल देतो, लाकडं देतो म्हणाला. घेतलं त्याने? म्हणाला, मला फुकट पडलेलं मी देवाला वाहणार नाही. 50 शेकेल चांदी मोजली. आणि माझ्यासाठी हिशोब वेगळा होय?"

"आणि डोळ्यांचं काय?"

"डोळ्यांचं बघू," आजी म्हणाल्या, आणि आपल्याच बोलण्यावर ठसका लागेपर्यंत हसल्या.

परतताना ते खळं डोक्यात घोळत राहिलं. अरवना यबूसीच्या त्याच खळ्याच्या जागी दाविदाच्या मुलाने, शलमोनाने, मंदिर बांधलं, असं बायबलमधल्या इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. म्हणजे राजाने फुकट घ्यायला नकार दिलेली ती जमीन. शतकं उलटल्यावर त्याच जागेवरच्या मंदिरात एक बाई दोन टोल्या घेऊन आली. आजींना हे माहीत होतं की नाही कोण जाणे. त्यांनी मला दावीद सांगितला, विधवा नाही. स्वतःला त्या विधवा समजतच नव्हत्या. त्या राजाच्या रांगेत उभ्या होत्या.

घराजवळ आलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि मी फाटकाशी तसाच थांबलो. तीन बैठका, कुरबान, अंब्रोज, आजींची भेट, इतकं सगळं झालं, आणि आजींचे पैसे परत करायचे की नाही यावर मी तावातावाने बोललो. पण आजींच्या डोळ्यांसाठी आपण आपल्या खिशातून पैसे काढावेत, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. दुसऱ्याच्या त्यागावर मी इतका विचार करत होतो की माझी पाळी आहे हे राहूनच गेलं.

मी दशमांश देतो. नेमाने देतो. बाबांची सवय. पण बाबांच्या पगारातून दहावा भाग गेला की बूट उसवलेले राहायचे, आणि माझ्या पगारातून जातो तेव्हा काहीच उसवत नाही. पगार वाढला तसा दशमांशही वाढला. त्याच्या नऊपट मात्र माझ्याकडे उरणारं वाढलं. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने ऑक्सफर्डच्या दिवसांतल्या एका तरुणाचा हिशोब सांगितलाय, आणि तो तरुण वेस्ली स्वतःच असं मानतात. पहिल्या वर्षी मिळकत 30 पौंड. 28 मध्ये भागवलं, 2 दिले. दुसऱ्या वर्षी 60 मिळाले. पुन्हा 28 मध्येच भागवलं आणि 32 दिले. तिसऱ्या वर्षी 90, दिले 62. चौथ्या वर्षी 120, दिले 92. तो 28 चा आकडा हलला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हिशोबनिसाच्या कौतुकाने वाचलं, मांडणी किती स्वच्छ म्हणून. माझा 28 कुठे आहे, तो कधी आणि किती वेळा सरकला, हे मला सांगता आलं नसतं. 22 वर्षं मंडळीचा पैन् पै हिशोब ठेवणाऱ्याला.

डोळ्यांचे पैसे मी भरले. आजींच्या भाचीमार्फत, नाव न सांगता. याचं कौतुक नको. एक ठेव मुदत संपून तशीच पडली होती, ती मोडली. महिनाअखेर नेहमीसारखीच गेली. जेवणात, कपड्यात, झोपेत कशात फरक पडला नाही. विधवेच्या समोर बसलेल्याने माझी वजाबाकी केली असती तर उरलेल्या रकमेला हातही लागला नव्हता. आणि तुझा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं जे म्हटलंय, तेही साधलं नाही. मी डावखुरा आहे. उजव्या हाताने चेक दिला आणि डाव्याने लगेच डायरीत टिपून ठेवला.

आजींचे पैसे छपराला लागले. मागच्या बाकावरचं गळणं थांबलं, तान्ह्याची आई एक अख्खा पाऊस शांत बसून होती. त्याच्या पुढच्या वर्षी पाणी दुसऱ्याच कोपऱ्यातून यायला लागलं, खिडकीपाशी. तिथे हल्ली बादली ठेवतो. मी त्या बाजूला बसायला लागलोय, बादली भरली की रिकामी करायला कुणी तरी हवं म्हणून.

दोन्ही डोळे झाल्यावर आजी पहिल्यांदा आल्या त्या रविवारी थैल्या पालथ्या केल्या तर पाकीट होतं. नेहमीची लहान रक्कम. नवं पाकीट घेतलं नव्हतं, तेच, दोरा गुंडाळलेलं. जाड रकमेची ओळ इतरांसारखीच एका रेघेत खोडलेली आणि तिच्या खाली ताजी तारीख, सरळ ओळीत, आकडा आकड्याला न लागता. समोरच्या वडिलांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग वहीत रक्कम मांडायला लावली.

पाकीट कोनाड्यात ठेवून मी मोजत राहिलो. थोड्या वेळाने दार ढकललं गेलं. आजी आत आल्या, पाकीट माझ्यासमोर धरलं आणि झाकणाची चिरलेली कड बोटाने दाखवली.

"हे तू फाडलंस?"

"घाईत झालं असेल, आजी."

"गेली दोन वर्षं असंच फाडतोयस वाटतं. नीट उघडत जा. मला आता दिसतं."